लसीकरणाचं कार्ड पेन्सिल घेऊन कसं वाचायचं

बाळाचं लसीकरणाचं कार्ड समोर ठेवा आणि एक पेन्सिल घ्या. पेन नको, खोडायची वेळ येते. कार्डावरच्या प्रत्येक लशीपुढे आपल्याला एकेक अक्षर लिहायचंय: जि, मे, वि, तु, जो. म्हणजे जिवंत, मेलेली, विषाची, तुकड्याची आणि जोडलेली. ही नावं पुस्तकातली नाहीत, माझी आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी झाली, आता हडपसरला घरी असते, आणि सोसायटीतली नवी मंडळी ‘सिस्टरकाकू, जरा बघता का’ म्हणत कार्ड घेऊन येतात. प्रश्न ठरलेले असतात. ताप का आला? शेजारच्या बाळाला आला, आमच्या बाळाला का नाही आला? एकाच रोगासाठी तीनतीनदा टोचायचं कशाला? या सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. लस कुठल्या जातीची आहे हे कळलं, की ताप कधी येणार, डोस किती लागणार आणि तारीख हुकली तर काय, हे बरंचसं त्यातूनच कळतं.

आधी शरीरात काय होतं ते बघू. लस जिथे टोचली तिथल्या काही पेशी ती उचलतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत घेऊन जातात. दंडावर टोचलं तर काखेत, मांडीत टोचलं तर जांघेत. तिथे बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या प्रत्येकीला जेमतेम एखादाच आकार ओळखता येतो. आलेल्या तुकड्याशी ज्यांचा आकार जुळतो त्या मोजक्या पेशी भराभर वाढतात. बी पेशींपासून अँटीबॉडी बनतात, म्हणजे जंतूला चिकटून अडवणारी प्रथिनं. मदतनीस टी पेशी त्यांना बळ देतात. आणि तिसऱ्या, मारक टी पेशी, विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींना संपवतात. हे सगळं उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात. काम झालं की यातल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात. त्या स्मृतिपेशी.

दुसरा डोस या स्मृतिपेशींसाठी असतो. मधल्या काळात शरीराने जास्त घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडीच्या पेशी निवडून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या डोसला त्याच वाढतात, म्हणून या वेळी अँटीबॉडी लवकर येतात आणि जास्त येतात. पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीच्या, दोन डोसांत निदान चार आठवडे का, याचं उत्तर हेच. निवड पूर्ण व्हायच्या आत पुढचा डोस दिला तर तो बराचसा वाया जातो. उलट डोस उशिरा झाला तर स्मृतिपेशी कुठे पळून जात नाहीत. गावी गेलो होतो, बाळ आजारी होतं, तारीख गेली, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करायची, असं काही नसतं. जिथे थांबलात तिथून पुढे. अर्थात मधले दिवस बाळ उघडं राहिलं, एवढं खरं.

‘जि’ लिहायच्या लशी

बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब आणि गोवर-रुबेला. या चौघींपुढे ‘जि’ लिहा.

यांत रोगाचा जंतू किंवा त्याचा जवळचा भाऊबंद जिवंतच असतो, फक्त दुबळा केलेला. विरजणासारखं आहे हे: चमचाभर घालायचं, बाकीचं काम ते स्वतः वाढून करतं. म्हणून या लशींचा डोस एवढासा असतो आणि परिणाम मोठा. खरा जंतू शरीरात वाढताना जे जे होतं ते सौम्य रूपात होतं, त्यामुळे बी आणि टी दोन्ही पेशी कामाला लागतात.

बीसीजीची कहाणी मला फार आवडते. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू पित्त आणि बटाट्यावर पुन्हा पुन्हा वाढवला. १९०८ ते १९२१, तेरा वर्षं, दोनशे तीसेक वेळा. तेवढ्यात तो रोग करायचंच विसरला. बाळाच्या डाव्या दंडावर ही लस कातडीच्या आत देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते आणि दीड ते तीन महिन्यांत व्रण उरतो. ती लशीचीच वाट आहे. हळद, तेल, मलम, आजीचा लेप, काही लावू नका. व्रण उमटलाच नाही तरी पुन्हा टोचत नाहीत. आणि हेही माहीत असू द्या: बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून आणि सगळ्या अंगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते, मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तितकंसं नाही. मोठ्या माणसाला टीबी झाला की घरचे मला ‘अहो, बीसीजी दिली होती ना!’ असं म्हणतात. दिली होती, पण तिचं काम वेगळं होतं.

गोवर-रुबेलाचा ताप लोकांना फसवतो. पेंटाचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवरची लस जिवंत, तिला वाढायला वेळ लागतो, म्हणून तिचा ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी. कधी सोबत बारीक पुरळ. तोपर्यंत घरचे टोचल्याचं विसरलेले असतात आणि दात येतायत म्हणून निभावून नेतात. असा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. उतरला नाही, बाळ सुस्त झालं, दूध सोडलं, तर दवाखाना गाठा, मग कारण लस असो नाहीतर आणखी काही.

ही लस नऊ महिन्यांनीच का? गर्भात असताना आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे गेलेल्या असतात. त्या काही महिने टिकतात आणि लशीतल्या दुबळ्या विषाणूलाही वाढू देत नाहीत. त्या पुरेशा ओसरल्या की लस द्यायची. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिल्या डोसाला काही मुलांत काहीच घडत नाही, ती या दुसऱ्या फेरीत पकडली जातात. चालढकल इथे सगळ्यात महाग पडते. कारण गोवर नुसता पुरळ उठवून जात नाही, तो स्मृतिपेशीच मारतो. गोवर झालेल्या मुलाचं शरीर आधी कमावलेली ओळखही काही प्रमाणात गमावतं आणि पुढे बराच काळ इतर आजारांना बळी पडतं.

जिवंत लशींची पथ्यंही त्यांच्या जिवंतपणातून येतात. उष्णता आणि उजेड त्यांना मारतात, म्हणून बीसीजी आणि गोवर-रुबेला गडद तपकिरी बाटलीत असतात. द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवायच्या, उरलेली टाकून द्यायची. गरोदरपणी गोवर-रुबेला देत नाहीत. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, किंवा ज्याचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्याला कुठलीही जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि टोचायच्या दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडायचे.

‘मे’, आणि पुण्याची एक जुनी आठवण

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या, जूनमध्ये गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, हे मात्र फार कुणाला आठवत नाही. प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे आणि उष्णता देऊन मारायचे, ही त्या लशीची रीत होती.

मेलेला जंतू वाढत नाही. म्हणून तो रोग करू शकत नाही, पण धडाही एकदाच देतो. यासाठी ‘मे’ लशींना डोस जास्त लागतात आणि नंतर बूस्टर, म्हणजे उजळणीचे डोस, लागतात. कार्डावर ‘एफआयपीव्ही’ लिहिलेलं असतं ते पोलिओचं इंजेक्शन या जातीचं. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, दंडावर कातडीत, पूर्ण डोसाच्या एक पंचमांश. इतकं कमी चालतं, कारण कातडीत तुकडे उचलणाऱ्या पेशींची दाटी असते.

मग पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन दोन्ही कशाला? थेंब आतड्यात वाढतात आणि आतड्याच्या अस्तरावर अँटीबॉडी तयार करतात, म्हणून विषाणू आतड्यातून पुढे दुसऱ्या मुलाकडे जात नाही. इंजेक्शन रक्तात अँटीबॉडी बनवतं, ती लकव्यापासून वाचवते. शिवाय २०१६ पासून थेंबांतून टाइप दोनचा विषाणू काढून टाकलाय. त्या टाइपचं संरक्षण इंजेक्शनमधूनच मिळतं. भारतात पोलिओच्या मूळ, नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पण शेजारी देशांत तो अजून आहे, तेव्हा दोन्ही घ्या.

पेंटातला डांग्या खोकल्याचा भागही ‘मे’. त्यात अख्खा मेलेला जंतू असतो, त्याच्या भिंतीवरचे सगळे बारकावे शरीराला दिसतात, आणि ताप व मांडीचं दुखणं मुख्यतः त्याचंच. इथेच तो पुणेरी प्रश्न येतो: ‘काकू, पेनलेस देऊ का?’ खासगी दवाखान्यात मिळणारी पेनलेस म्हणजे अख्ख्या जंतूऐवजी त्याची निवडलेली दोन ते पाच प्रथिनं. ताप कमी येतो, रडारड कमी. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हे अनेक देशांत दिसून आलंय. माझं मत विचाराल तर एका रात्रीच्या तापासाठी मी नातवंडाला साधीच देईन. ज्या बाळाला आधीच्या डोसाला मोठा त्रास झालाय त्याची गोष्ट वेगळी, ती त्याच्या डॉक्टरांनी ठरवायची.

‘वि’

घटसर्प आणि धनुर्वात यांत जंतू फारसा आत शिरतच नाही. माणूस मरतो तो त्याने सोडलेल्या विषाने. म्हणून लशीत जंतू नसतो, विष असतं, फॉर्मालिनने निकामी केलेलं. शरीर त्या विषावर अँटीबॉडी बनवतं आणि खरं विष आलं तर ते चिकटायच्या आधी धरून ठेवतं. धनुर्वाताचं विष इतकं जहाल, की जीव घेण्याइतकी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटायला पुरत नाही. म्हणून धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावी लागते. तसंच धनुर्वात माणसाकडून माणसाकडे जात नाही, मातीतून येतो. सगळ्या सोसायटीने लस घेतली म्हणून तुमचं बाळ वाचलं, असा हिशोब इथे चालत नाही. ज्याची त्याला हवी.

गरोदर बाईला टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, देतात ती हीच. आईत तयार झालेल्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही आठवडे त्याला सांभाळतात.

‘तु’ आणि ‘जो’

‘तु’ म्हणजे जंतूचा फक्त एक तुकडा. कावीळ ब च्या लशीत विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन असतं, तेही यीस्टमध्ये बनवलेलं. विषाणू त्यात नसतोच. ही लस जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत का हवी? आईला कावीळ ब असेल तर बाळंतपणात बाळाला लागण होऊ शकते, आणि हा विषाणू पसरायला वेळ घेतो. लगेच टोचलं तर शरीर त्याच्या आधी तयार होतं. बाळंतिणीला घरी सोडण्याआधी कार्डावर या डोसाची तारीख बघून घ्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस, पुण्याच्या सिरम कंपनीची सर्व्हाव्हॅक धरून, हीसुद्धा तुकड्याचीच. त्यात विषाणूसारखी दिसणारी पोकळ कवचं असतात, आत जनुकं नाहीत.

नुसत्या तुकड्याकडे शरीर फारसं लक्ष देत नाही, म्हणून बऱ्याच लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात. ते टोचल्या जागी थोडी आग लावतात आणि पेशी गोळा होतात. पेंटानंतर मांडीत वाटाण्याएवढी गाठ लागते ती यातूनच, काही आठवड्यांत विरते. ती चोळू नका. या क्षारवाल्या लशी गोठल्या की बिघडतात. दवाखान्यात फ्रिजचं तापमान दोन ते आठ अंशांत राखायची जी धडपड दिसते ती नुसती गरमीसाठी नसते, बर्फासाठीही असते.

‘जो’ ही सगळ्यात हुशारीची जात, असं मला वाटतं. हिब आणि न्यूमोकॉकस या जंतूंवर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर अशा साखरेला जवळजवळ दाद देत नाही. टी पेशींना प्रथिन लागतं, साखर दिसत नाही. नेमकी हीच बाळं या जंतूंमुळे न्यूमोनियाने आणि मेंदूज्वराने दगावायची. शास्त्रज्ञांनी साखर एका प्रथिनाला जोडली, बऱ्याचदा धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निकामी विषाला. बी पेशी साखर ओळखून सगळं आत ओढते, आतलं प्रथिन टी पेशीला दाखवते, टी पेशी मदत करते, आणि साखरेविरुद्धही टिकाऊ स्मृती तयार होते. कार्डावरची पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकसची लस, या जातीची. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने.

आता पेंटापुढे अक्षरं लिहा. घटसर्प वि, धनुर्वात वि, डांग्या खोकला मे, कावीळ ब तु, हिब जो. ‘जि’ सोडून सगळ्या जाती त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये आहेत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत. खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअर बाबांनी तर याचा एक्सेल शीट केला. करू देत, तेवढंच ते तारखा विसरत नाहीत.

कार्डाबाहेरच्या दोन गोष्टी

कोविडच्या लशी कार्डावर नाहीत, पण पुण्यात राहून त्या न समजून घेणं बरं नव्हे. पाषाणच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, वेगळा केलेला विषाणू मारून कोव्हॅक्सिन झाली, हैदराबादला: मे. कोव्होव्हॅक्स ही सिरमची प्रथिनाची लस: तु. राहिल्या दोन, त्यांना माझ्या पाच अक्षरांत जागा नाही. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू असतो आणि त्यात कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचं जनुक. हिंजवडीच्या जिनोव्हाने एमआरएनए लस केली, तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. दोन्हींत लस शरीराला तुकडा देत नाही, तुकडा बनवायची सूचना देते. आपल्याच पेशी तो थोडा काळ बनवतात. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात जात नाही आणि लवकरच मोडून जातो.

दुसरी गोष्ट भटक्या कुत्र्यांची, कारण पुण्यात ती टळत नाही. कुत्रा चावला की आधी पंधरा मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा. मिरची, चुना काही नको. रेबीजची लस ‘मे’ जातीची, सरकारी दवाखान्यात ती कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. पण वर सांगितलं तसं, अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि रक्त निघालं असेल तर तेवढं थांबणं धोक्याचं. म्हणून पहिल्याच दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देतात. ती लस नव्हे, दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या शरीरात बनलेल्या तयार अँटीबॉडी असतात. लगेच काम करतात, काही आठवड्यांत संपतात, स्मृती ठेवत नाहीत. सिरमचा जन्मही या घोड्यांच्या सिरमशी बांधलेला आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडे आधी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, मग १९६६ मध्ये सिरम इथेच उभी राहिली.

टोचायच्या दिवशी

बाळाला सैल कपडे घाला, दोन्ही मांड्या आणि दंड मोकळे राहतील असे. साधी सर्दी, बारीक खोकला असला तरी लस देता येते, फक्त सिस्टरला सांगा. बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असला तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. बघायला मागितलं तर चांगली सिस्टर रागावत नाही. दीड महिन्याला दोन मांड्या, एक दंड आणि तोंडात दोन लशींचे थेंब होणार, हे आजीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे वाद नको. टोचताना पाजलं तरी चालतं, बाळ कमी रडतं. नंतर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी होते, ती या वेळातच कळते आणि तिचं औषध तिथेच असतं. तापाचं औषध वजनावर ठरतं, मिलिलिटर सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या, शेजारणीच्या बाळाचा डोस वापरू नका.

निघण्याआधी चार गोष्टी विचारा: आज कुठल्या लशी दिल्या, काय त्रास होऊ शकतो, झाला तर काय करायचं, पुढची तारीख कधी. आता त्या लशींपुढची अक्षरं बघून तुम्हीच सांगाल, ताप आज रात्री की पुढच्या आठवड्यात.

कार्डाचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, शाळाप्रवेशाला मागतात. दीड वर्षानंतर लोक कार्ड गुंडाळून ठेवतात आणि पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहतो. त्याखाली दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीच्या नोंदी असतात, त्या तर मी बहुतेक कार्डांवर कोऱ्याच बघते. त्यांच्यापुढे आजच ‘वि’ लिहा, आणि समोर साल घाला.